सरमेचा प्रश्न

महाभारताची सुरुवात कोठून होते, असे वर्गात विचारले तर विद्यार्थी शंतनूपासून सांगू लागतात. फार तर जनमेजयाच्या सर्पसत्राचा उल्लेख करतात. आदिपर्वातील पौष्यपर्वाच्या आरंभी येणारी छोटी कथा सहसा कोणाच्या लक्षात नसते. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे दीर्घ सत्र चालू आहे. तेथे सरमा या देवांच्या कुत्रीचे पिल्लू येते आणि जनमेजयाचे तिघे भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन, त्याला मारून हाकलतात. पिल्लू रडत आईकडे जाते. आईचा पहिला उद्गार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ती म्हणते, तूच काही अपराध केला असशील. पिल्लू सांगते की मी काहीही केले नाही, हविर्द्रव्याकडे पाहिले नाही की त्याला जीभ लावली नाही. मग सरमा सत्रात जाऊन जाब विचारते. कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की निरपराध्याला मारलेत म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर येईल.

आपल्या पाळीव कुत्र्यावर दुसऱ्या कुत्र्याने हल्ला केला की पुढचे काही आठवडे घरात जे घडते, ते जवळपास याच क्रमाने घडते, असे आम्हाला वाटते. आधी मार, मग 'तूच काही केले असशील' हा संशय, मग उत्तर न मिळालेला प्रश्न आणि शेवटी न दिसणारे भय. फरक एवढाच की महाभारतात भय मारणाऱ्याच्या वाट्याला येते. आपल्याकडे ते मार खाणाऱ्याच्या घरात मुक्कामाला येते. या भयाबद्दल आणि त्याला तोंड देताना आपली भाषा कोठे अपुरी पडते, याबद्दल येथे काही लिहावे असा हेतू आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तो किरकोळ का वाटतो, हाही या लेखाच्या विषयाचाच भाग आहे.

संदर्भापुरते सांगायचे तर, आमच्या घरी चिमी नावाची एक साधी, गावठी कुत्री आहे. गेल्या वर्षी वसाहतीतल्याच, मोकळ्या सोडलेल्या एका थोराड पाळीव कुत्र्याने तिला मानेशी धरले. ती वाचली. जनावरांच्या डॉक्टरांनी केस कापले तेव्हा बाहेरून दोन लहान भोके दिसत होती. आत मात्र कातडी स्नायूंपासून वीतभर सुटलेली होती. धरून झटके दिले की असेच होते, असे त्यांनी सांगितले. जखम पूर्ण न शिवता पू वाहून जावा म्हणून एक नळी ठेवली, प्रतिजैविके दिली आणि आधीची लस झालेली असूनही रेबीजची मात्रा पुन्हा दिली. दीड महिन्यात जखम भरली. त्यानंतर जे उरले ते भरायला मात्र कोणतेही मलम नव्हते. फाटकाशी आली की ती खाली बसे. कोठे साखळी खळखळली की अंग आक्रसून घेई. आम्हीही दोघे संध्याकाळी वाट वाकडी करून दुसऱ्या गल्लीने जाऊ लागलो. रात्री लांबून भुंकणे ऐकू आले की दोघांनाही जाग येई, आणि आपण जागे आहोत हे दोघेही एकमेकांपासून लपवत असू.

या काळात भेटलेल्या माणसांपैकी दुष्ट कोणीच नव्हते. पण त्यांची वाक्ये ठरलेली होती. 'तिनंच काही केलं असेल हो.' 'कुत्र्यांचं चालायचंच.' 'माणसाला नाही ना चावलं, मग ठीक आहे.' 'एवढं मनाला लावून घेऊ नका, दुसरं आणा.' भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशी वाक्ये नुसती टोचून भागत नाही. ती येतात कोठून, हेही पाहावेसे वाटते.

पहिली गोष्ट व्याकरणातली आहे. कुत्रा, कुत्री, कुत्रे हे तीन लिंगांचे आपले शाळेपासूनचे उदाहरण. घरात नाव मिळालेले जनावर 'तो' किंवा 'ती' होते. उंबरठ्याबाहेर तेच 'ते कुत्रं' होते. आम्ही 'तिला लागलंय' म्हणत होतो आणि समोरचे 'ते मध्ये कशाला गेलं?' असे विचारत होते. नपुंसकलिंग मुळात तुच्छतेचे लिंग नाही. मूल, लेकरू, वासरू, पिल्लू, पाखरू, कोकरू हे आपले सगळे मायेचे शब्द नपुंसकलिंगीच आहेत. पण लेकरू रडत आले तर आपण त्याला काय दुखते ते विचारतो. कुत्रे केकाटत आले तर त्याने काय केले ते विचारतो. सर्वनाम एकच असूनही त्यामागचे कुतूहल वेगळे असते. सरमेसारखी आईसुद्धा पहिल्या क्षणी दुसऱ्या प्रकारचाच प्रश्न विचारते, हे त्या प्राचीन कथाकाराचे मोठे निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट म्हणी आणि वाक्प्रचारांची. कुत्र्याचे जिणे, कुत्र्याच्या मौतीने मरणे, काळे कुत्रे न विचारणे, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे. मराठीतला हा साठा मोठा आहे. त्यात कुत्रे हे बहुधा हीनतेचे माप आहे. दुसऱ्या बाजूला निष्ठेचे प्रतीक म्हणूनही ते भरपूर आहे. रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीवरून २०१२मध्ये पुतळा हटवण्यापर्यंत आणि पुन्हा बसवण्यापर्यंत गोष्ट गेली. २०२५मध्ये तो वाद पुन्हा उभा राहिला. म्हणजे कुत्र्यावरून आपण भांडू शकतो. पण त्या भांडणात कुत्र्याचा देह कोठेच नसतो, असते ती आपली प्रतिमा.

संतपरंपरेत कुत्र्याला याहून चांगली जागा मिळाली आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. आमच्याच जिल्ह्यातल्या शिर्डीची गोष्ट घ्या. दाभोलकरांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त लक्ष्मीबाई शिंदे यांनी आणलेली भाकरी बाबा समोरच्या कुत्र्यापुढे ठेवतात आणि त्याची भूक व माझी भूक वेगळी नाही, अशा अर्थाचे सांगतात. भूक या एका जाणिवेपुरते कुत्र्याचे अंतरंग येथे माणसाच्या बरोबरीने मान्य झाले, ही लहान गोष्ट नव्हे. भुकेला उत्तर म्हणून भाकरी आहे. भयाला काय द्यायचे, हा प्रश्न मात्र आपल्याच वाट्याला उरतो.

आधुनिक वाङ्मयात पु. ल. देशपांडे यांच्या 'हसवणूक'मधला 'पाळीव प्राणी' हा लेख बहुतेक मराठी वाचकांच्या मनात घर करून आहे. त्यातली थट्टा मुख्यतः कुत्र्यापेक्षा कुत्रा पाळणाऱ्या माणसांची आहे आणि ती यथार्थही आहे. त्या लेखाबद्दल आमची तक्रार नाही. पण कुत्रेवाल्या माणसाविषयी बोलण्याचा एवढा एकच सूर हाताशी असला, की त्याचे रडेही त्याच सुरात ऐकले जाते. अरुण कोलटकरांच्या 'काळा घोडा पोएम्स' (२००४) या संग्रहाच्या आरंभीची 'पाय-डॉग' ही कविता मुंबईच्या रस्त्यावरचे एक कुत्रे स्वतः बोलते. दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या या कवीने कुत्र्याला 'मी' म्हणू दिले ते इंग्रजीत, ही बाब आम्हाला सूचक वाटते.

महाभारतातलेच आणखी एक कुत्रे येथे आठवते. पांडवांबरोबर शिकारीला गेलेले कुत्रे एकलव्याला पाहून भुंकते. तो त्याच्या तोंडात सात बाण मारतो आणि ते तशाच अवस्थेत परत येते. हा प्रसंग आपण वर्षानुवर्षे शिकवतो. एकलव्याचे कौशल्य, अर्जुनाचा मत्सर, द्रोणांचा अन्याय, वर्णव्यवस्था या सर्वांवर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण कुत्रे परत आले तेव्हा पांडवांनी त्याच्याकडे जखमी जनावर म्हणून पाहिले नाही. त्यांनी नेमबाजीचा पुरावा पाहिला. आपणही बहुतेक तेच पाहतो. अंगावरची जखम दुसऱ्याच कशाचे तरी चिन्ह म्हणून वाचायची, ही वाङ्मयाच्या अभ्यासकांची फार जुनी सवय आहे.

भय मात्र चिन्ह म्हणून राहत नाही. ते शरीरात राहते. इव्हान पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतील एक घटना या बाबतीत फार बोलकी आहे. १९२४च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि त्याच्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरले. कुत्र्यांना महत्प्रयासाने बाहेर काढण्यात आले. नंतर असे दिसले की त्यांच्यापैकी काहींची महिनोन्महिने घडवलेली प्रतिक्षिप्त वर्तने मोडून पडली होती. एका कुत्र्याचे वर्तन पुन्हा रुळावर आल्यानंतरही, दाराखालून पाण्याची बारीक धार खोलीत येताच ते पुन्हा विस्कटले. पूर ओसरला होता. पाण्याच्या एका धारेत तो शिल्लक होता. साखळीचा आवाज ही चिमीची तशी धार होती. आमची धार म्हणजे लांबून येणारे भुंकणे. 'न दिसणारे भय' या शब्दांचा अर्थ आम्हाला कोणत्याही टीकाग्रंथापेक्षा या घटनेने अधिक स्पष्ट केला.

आता सरमेच्या प्रश्नाकडे यावे. 'निरपराध्याला का मारलेत?' हा प्रश्न ती ज्यांना विचारते ती माणसे आहेत. ती गप्प राहिली तरी उत्तर देण्यास बांधील आहेत. हल्ला करणारे जेव्हा दुसरे कुत्रेच असते तेव्हा हा प्रश्न विचारायचा कोणाला? त्याला अपराध ही कल्पनाच नाही. मग प्रश्नाला घर मिळत नाही आणि तो भटकू लागतो. कधी तो आपल्याच कुत्र्यावर जाऊन बसतो, कधी शेजाऱ्यावर, कधी स्वतःवर आणि कधी रस्त्यावरच्या सगळ्या कुत्र्यांवर. हल्ल्यानंतरच्या रागाचा खरा त्रास हा आहे.

उत्तर न देणाऱ्या हल्लेखोराशी कसे जगायचे, याची एक रीत आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. २०२४मध्ये अहिल्यानगर नाव मिळालेल्या या जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्या आणि कुत्रा यांचे नाते जगजाहीर आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. तो 'ओरिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. वजनाच्या हिशेबाने तेथील बिबट्यांच्या आहारात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के आढळला. शेळ्या संख्येने कितीतरी अधिक असूनही त्यांचा वाटा त्यापुढे थोडा होता, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रे अंगणात असते. म्हणजे वस्तीवरच्या अनेक घरांनी आपले कुत्रे असे गमावलेले आहे. तेथे 'कुत्र्यानंच काही केलं असेल' असे म्हणण्याला अर्थ उरत नाही. रात्री कुत्रे आत घ्यायचे, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायचा, उजेड ठेवायचा. आणि त्याच डोंगराळ भागातले महादेव कोळी दिवाळीत वाघबारसेला वाघोबाला नैवेद्यही दाखवतात. भीती नाकारायची नाही, हल्लेखोराला गुन्हेगार ठरवायचे नाही आणि गोठ्याचे दारही उघडे टाकायचे नाही, असे हे तिहेरी शहाणपण आहे. त्याचे गोडवे गाण्याचा मोह टाळायला हवा. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पिंपरखेडला २०२५मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे बळी गेल्यावर खिळ्यांचे पट्टे गावकऱ्यांनी स्वतःच्या गळ्यात घातले होते. शहाणपणालाही मर्यादा असतात. पण राग कोठे लावायचा आणि काळजी कोठे घ्यायची, याची वाटणी तेथे निदान केलेली आहे.

शहरी वसाहतीत ती झालेली नाही. आणि येथे तर प्रश्न विचारायला माणूस उपलब्ध असतो. बिबट्याला मालक नाही, पाळीव कुत्र्याला आहे. फाटक कोणी उघडे ठेवले, साखळी कोणी सोडली, हे प्रश्न सरमेच्या प्रश्नासारखेच माणसांना विचारायचे आहेत. कायद्याकडे पाहिले तर तेथेही चमत्कारिक पोकळी आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ (पूर्वीच्या दंडसंहितेतील २८९) प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. पण ते माणसाच्या जिवाला किंवा देहाला असलेल्या धोक्याविषयी बोलते. कलम ३२५ प्राण्याला मारण्याविषयी किंवा अपंग करण्याविषयी आहे. मात्र ते मालमत्तेच्या नुकसानीच्या गुन्ह्यांत मोडते आणि तेथे करणाऱ्याचा हेतू किंवा जाणीव पाहिली जाते. मोकळ्या सुटलेल्या कुत्र्याने दुसऱ्याच्या कुत्र्याला फाडले तर ही घटना या दोन कलमांच्या मधल्या फटीत पडते. भरपाईसाठी दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो. म्हणजे कायद्याच्या भाषेतही चिमी 'ती' नाही. ती एक वस्तू आहे आणि तिचे दुखणे म्हणजे उपचाराची पावती.

२०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयातील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणाने या विषयावर देशभर आरडाओरड झाली. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो सौम्य करून, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, रेबीज झालेली वा आक्रमक वगळता, मूळ जागी सोडावीत असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून ती हटवण्यास सांगितले गेले. या सगळ्या काळात वर्तमानपत्रांनी समाजाची दोन गटांत विभागणी केली होती, श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे. ज्याचे कुत्रे कुत्र्यानेच फाडले आहे, तो माणूस कोणत्या गटात बसवायचा? तो कुत्र्यावर प्रेम करतो आणि कुत्र्याला घाबरतो. दोन्ही गटांना त्याचे अर्धेच वाक्य हवे असते. आमच्या मते या वादात खरे ऐकण्यासारखे काही असेल तर ते अशाच अडलेल्या माणसांकडे आहे. आपल्या अनुभवाला तेवढ्यातल्या तेवढ्यात सिद्धान्त करण्याची घाई त्यांना परवडत नाही.

मग करायचे काय? 'लीळाचरित्रा'तली सशाची लीळा येथे आम्हाला मार्गदर्शक वाटते. शिकारी आणि त्यांची कुत्री मागे लागलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. स्वामी प्रथम त्याला तेथेच राहू देतात. मग शिकाऱ्यांशी बोलतात. ते शस्त्रे ठेवतात. त्यानंतर सशाला जायला सांगतात. या साध्या क्रमात आधार, संवाद आणि सुटका या तिन्ही गोष्टी आहेत आणि त्यांची अदलाबदल करून चालत नाही. आधी जनावराला अंग टेकायला जागा द्यावी. लगेच 'धीट कर तिला' म्हणून फाटकाबाहेर ओढू नये. मग बोलायचे ते माणसांशी. शेजाऱ्याकडे जाऊन तारीख, वेळ, जखम, खर्च आणि पुढे काय हवे, एवढेच शांतपणे आणि लेखी सांगावे. दोन कुत्र्यांच्या स्वभावांचा खटला चालवत बसू नये. शेवटी सुटका, ती टप्प्याटप्प्याने. लांबून, कुत्रे ठिपक्याएवढे दिसेल अशा अंतरावरून त्याच्याकडे पाहणे, तेथे तिला काही आवडते खायला देणे, परत येणे. आठवड्याने थोडे जवळून. तिच्याबरोबर आपलीही पावले त्याच अंतराने पुढे सरकतात, हे आम्ही पाहिले आहे.

आणि भाषा शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची करावी. घडले ते दोषाच्या शोधाविना सांगता येणे, हे कौशल्य आहे आणि ते शिकवावे लागते. विद्यार्थ्यांना एखाद्या इजेचे वर्णन लिहायला सांगा. कोणाचे चुकले हे त्यात येता कामा नये, फक्त काय झाले, कोठे लागले आणि त्यानंतर काय बदलले एवढेच यावे. पहिल्या चार ओळींत बहुतेकांची लेखणी 'कारण' या शब्दाशी जाऊन थांबते. हे वर्णन जमू लागले की दुसऱ्याचे ऐकणेही जमू लागते. कुत्रे असो वा माणूस, जखमी घरी आलेल्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हा काही प्राणिप्रेमाचा विषय नव्हे. तो एकूण समाजाच्या ऐकण्याचा विषय आहे. घराबाहेर छळ सोसून आलेल्या मुलीला आपण आजही पहिला प्रश्न कोणता विचारतो, ते आठवून पाहावे.

शाप ऐकल्यावर जनमेजय अस्वस्थ होतो आणि आपले पाप शमवील असा पुरोहित शोधत निघतो. कथा त्याच्याबरोबर जाते. पिल्लाचे पुढे काय झाले, ते ग्रंथात नाही. घरी आपल्याला तेवढेच पाहायचे असते.